बडोद्याच्या पालिकेचा कारभार बदलायचा तर: तक्रारीपासून ठरावापर्यंत

दारासमोरचा खड्डा बुजवून घ्यायला वॉर्ड ऑफिसात एक फेरी पुरते. पण तो रस्ता कुणी केला होता, त्याची हमी कधी संपली आणि हमीच्या मुदतीतली डागडुजी कुणाच्या पैशानं झाली, हे दर वर्षी मे महिन्यात पालिकेनं आपणहून जाहीर करावं असं वाटत असेल, तर फेऱ्या मारून भागत नाही. त्याला सभेचा ठराव लागतो, ठरावानंतर परिपत्रक लागतं आणि परिपत्रक पाळलं जातंय की नाही हे बघणारी चार माणसं लागतात. हे सगळं दांडिया बाजारच्या, सुरसागरच्या किंवा मांजलपूरच्या पाच-सात सामान्य करदात्यांना जमण्यासारखं आहे. वेळ मात्र एक संपूर्ण आर्थिक वर्ष धरून चालावं.

अधिकार कुणाकडे आहे

बडोदा महानगरपालिका १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यावर चालते. मूळ कायदा मुंबई प्रांताचा, त्यामुळे पुण्या-नाशकातल्या महापालिकाही याच मुळावर उभ्या आहेत. पुण्यातल्या एखाद्या वकील नातेवाईकाकडे मराठी भाष्य असेल तर मागून घ्या, कलमांचे आकडे बहुतेक जुळतात. दोन्ही राज्यांनी दुरुस्त्या मात्र आपापल्या केल्या आहेत, म्हणून अर्जात कलम घालण्याआधी गुजरातची प्रत पाहायलाच हवी.

अधिकाराच्या जागा तीन. १९ वॉर्डांतून प्रत्येकी ४ याप्रमाणे ७६ नगरसेवकांची सामान्य सभा, १२ जणांची स्थायी समिती आणि राज्य सरकारनं नेमलेला कमिशनर. महापौर सभा चालवतो, त्याची मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराचे हुकूम त्याच्या सहीनं निघत नाहीत. तरीही बहुतेक निवेदनं महापौरांना हार घालून, फोटो काढून दिली जातात. ते निवेदन पुढे कमिशनरकडे 'योग्य कार्यवाहीसाठी' जातं आणि तिथेच राहतं. पैसा मंजूर करण्याची खरी जागा स्थायी समिती. तिची बैठक साधारणपणे दर आठवड्याला होते आणि ती लोकांसाठी खुली नसते. सामान्य सभा मात्र खुली असते आणि प्रेक्षकांत बसता येतं.

आधी एक वाक्य लिहा

गट जमवण्याआधी काय बदलायचं ते एका वाक्यात लिहून काढा. वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कोण, काय करील, कुठल्या कागदावर, किती दिवसांत, आणि नाही केलं तर काय. 'भ्रष्टाचार थांबला पाहिजे' हे वाक्य नापास. 'सिटी इंजिनिअर प्रत्येक रस्त्याच्या हमीची अखेरची तारीख दर वर्षी १५ मेपूर्वी वॉर्डवार यादीत संकेतस्थळावर ठेवतील आणि यादीत नसलेल्या रस्त्याचं डागडुजीचं बिल लेखा शाखा स्वीकारणार नाही' हे वाक्य पास. शेवटचा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा. बिल अडलं की यादी आपोआप तयार होते, नुसत्या विनंतीनं होत नाही.

गट पाच ते सात जणांचा पुरे. त्यात गुजराती झरझर वाचणारा एक, एक्सेल येणारा एक, आणि शक्य तर बँकेतून किंवा लेखा विभागातून निवृत्त झालेला एक हवा. पालिकेचा ठेका घेणारा, किंवा येत्या निवडणुकीत तिकिटाची आस धरून बसलेला माणूस कितीही कामाचा असला तरी बाहेर ठेवावा. आणि एखाद्या मराठी मंडळाचं लेटरहेड वापरायचं असेल तर आधी कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्या. नाही तर पालिकेशी भांडण राहतं बाजूला आणि मंडळातच सुरू होतं.

कागदाची भाषा

इथल्या मराठी माणसाला गुजराती बोलता येतं, पण पालिकेची गुजराती वेगळी. काही शब्द ओळखीचे दिसतात आणि फसवतात. 'दरखास्त' म्हणजे आपल्याकडे कोर्टाच्या हुकुमाची अंमलबजावणी, इथे मात्र मंजुरीसाठी ठेवलेला प्रस्ताव. 'मूडी खर्च' म्हणजे भांडवली खर्च. 'उघडती सिलक' आरंभीची शिल्लक, 'बंध सिलक' अखेरची. 'मिलकत वेरो' मालमत्ता कर, 'इजारदार' ठेकेदार. 'सुधारेल अंदाज' म्हणजे वर्षाच्या मध्यात दुरुस्त केलेला आकडा आणि 'खरेखर खर्च' म्हणजे प्रत्यक्ष खर्च. 'कांस' म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला: भूखी कांस, रूपारेल कांस. 'मुलतवी' म्हणजे पुढे ढकललं. नामंजूर झालं असं समजून घरी जाऊ नका, मुलतवी काम पुढच्या आठवड्यात गुपचूप मंजूर होतं. विषयपत्रिकेवर आधी नसलेलं, ऐन वेळी घेतलेलं 'वधाराचं काम' नेहमी लाल शाईनं खुणावावं.

माहिती मागण्याची रीत

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. बडोद्यात याचा अर्थ गुजराती. मराठीत लिहिलेला अर्ज परत आला तर दोष आपलाच. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, नकलेची ए-४ पानाला २ रुपये. कागदपत्रं बसून पाहायची असतील तर पहिला अर्धा तास फुकट, पुढच्या दर अर्ध्या तासाला २० रुपये. फी रोख भरली तर पावती त्याच टेबलावर घ्या. पोस्टल ऑर्डर लावली तर तिचा क्रमांक अर्जात लिहा.

एका अर्जात एकाच शाखेचं विचारा. रस्ते, ड्रेनेज आणि कर यांचं एकत्र विचारलं की अर्ज तीन शाखांत फिरतो, प्रत्येक शाखा उरलेल्या दोघींकडे बोट दाखवते आणि ३० दिवस निघून जातात. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, हे कलम ६(३) मध्ये आहे. पण त्यावर विसंबून राहू नये.

'का' हा शब्द अर्जातून काढून टाका. 'हे काम निविदा न काढता का दिलं?' याला 'माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं एका ओळीत उत्तर येतं, आणि ते उत्तर कायद्याला धरून असतं. तेच असं विचारा: 'अमुक कामाच्या फाइलवरील टिपणींची, निविदा न काढण्याबाबतच्या शेऱ्यासह, प्रत द्यावी.' फाइलवरची टिपणी हा अस्तित्वात असलेला कागद आहे. तो द्यावा लागतो, आणि कारण त्यातच सापडतं.

व्यक्तीचं नाव, पगार, पत्ता मागू नका, हुद्दा मागा. 'कुठल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यानं, कुठल्या तारखेला मंजुरी दिली.' २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहितीचं कलम ८(१)(जे) आणखी आवळलं आहे. नाव मागितलं की नकाराला आयतं निमित्त मिळतं. सुधारणेसाठी नावाची गरजही नसते.

पहिल्या फेरीचा अर्ज असा असावा (मजकूर गुजरातीत करून घ्या). त्यातलं ६७(३)(सी) हे पालिका कायद्याचं कलम, कमिशनरनं आणीबाणी म्हणून मंजुरीविना दिलेल्या कामांचं; त्याबद्दल पुढे येईलच. २(जे) मात्र माहिती अधिकारातलं:

'१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात कलम ६७(३)(सी) खाली दिलेल्या सर्व कामांची यादी, कामाचं नाव, ठिकाण, आदेशाची तारीख, अंदाजित रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, आणि स्थायी समिती व सामान्य सभेला कळवल्याची तारीख यांसह. यादी तयार नसल्यास संबंधित नोंदवह्या कलम २(जे) नुसार पाहण्यासाठी दिवस व वेळ द्यावी.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही' या नेहमीच्या उत्तरावर तोच तोडगा आहे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला गुजरातेत फी नाही. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. दुसरं अपील ९० दिवसांत गांधीनगरच्या माहिती आयोगाकडे. तिथे रांग लांब असते. म्हणून सगळा डाव दुसऱ्या अपिलावर कधीच लावू नये. मुदत उलटल्यावर दिलेल्या माहितीची नक्कल फुकट मिळते (कलम ७(६)), हे पैसे भरण्याआधी आठवावं.

अंदाजपत्रक: चार रकान्यांचा खेळ

कमिशनर साधारण जानेवारीच्या अखेरीस अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतो. पालिका कायद्याच्या कलम ९९ नुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर सभेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणजे वर्तमानपत्रात 'करवाढ नाही'चा मथळा छापून येतो तेव्हा सूचना करण्याची वेळ गेलेली असते. शाखाप्रमुख आपापले आकडे नोव्हेंबर-डिसेंबरात जुळवतात, तेव्हाच तुमचा कागद त्यांच्या टेबलावर असला पाहिजे. जानेवारीत दिलेल्या सूचनेला हसून 'पुढच्या वर्षी' म्हणतात, आणि त्यांचंही चूक नसतं.

अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीला चार आकडे शोधा: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक चौथ्याकडे बघतात. गोष्ट पहिल्यात असते, आणि ती कळायला त्याच वर्षाचा मूळ अंदाज जुन्या पुस्तकातून काढून शेजारी मांडावा लागतो. समजा ड्रेनेजच्या भांडवली कामांना एका वर्षी ४० कोटी ठेवले, सुधारित २२ झाले, प्रत्यक्ष १४ खर्च झाले. म्हणजे ३५ टक्के. आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा ४५ कोटी. अशा ओळीवर 'जास्त तरतूद करा' ही मागणी करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. दोन वर्षं सलग निम्म्याहून कमी खर्च झाला असेल तर पैसा का अडतो तेच शोधायचं.

अडण्याची कारणं बहुतेक तीन असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळ्या दारात. निविदा उशिरा निघाली, तर इंजिनिअरिंग शाखेकडून निविदांचं वार्षिक वेळापत्रक मागा. जागा ताब्यात नाही, तर जागा मिळाल्याशिवाय काम अंदाजपत्रकात घालू नये असा नियम मागा. राज्याचं किंवा केंद्राचं अनुदान आलं नाही, तर पालिकेशी भांडून काही होत नाही, फाइल गांधीनगरला आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातच्या महापालिकांतली जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचं अनुदान सुरू झालं. तेव्हापासून पालिकेच्या हातातला स्वतःचा पैसा आणि गांधीनगरहून येणारा पैसा वेगळा मांडल्याशिवाय तिची खरी ऐपत कळत नाही. हे दोन ढीग पहिल्याच दिवशी वेगळे करा: स्वतःचं उत्पन्न (मिलकत वेरो, पाणी, फी, भाडी) एका बाजूला, अनुदानं दुसऱ्या.

मिलकत वेऱ्यासाठी एकच तक्ता पुरे: वॉर्डवार मागणी, वसुली, बाकी, आणि बाकी किती वर्षांची जुनी. जुन्या बाकीत घरवाले किती आणि सरकारी कचेऱ्या किती, हे वेगळं विचारा. उत्तर वाचण्यासारखं असतं.

आणखी दोन कागद सहसा कुणी उघडत नाही. १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२६ च्या अनुदानांसाठी नगरसंस्थांवर लेखापरीक्षित हिशेब लोकांपुढे ठेवण्याची अट घातली, त्यामुळे ते हिशेब पालिकेच्या संकेतस्थळाबाहेरही मिळतात. दुसरं, बडोद्याच्या पालिकेनं मार्च २०२२ मध्ये १०० कोटींचे रोखे काढले आणि ते बीएसईवर (मुंबई शेअर बाजारात) नोंदले. रोखे घेणाऱ्यांसाठी सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०१५ च्या नियमांनुसार जी आर्थिक माहिती द्यावी लागते, ती सभेत दिलेल्या उत्तरांपेक्षा बरीच नेटकी असते. गुंतवणूकदाराला फसवलं तर सेबी विचारते. नगरसेवकाला गोलमाल उत्तर दिलं तर कोण विचारतं?

सदुसष्ट-तीन-सी

पालिकेच्या मुख्यालयात, म्हणजे खंडेराव मार्केटच्या इमारतीत, हा आकडा शिपायालाही पाठ असतो. कलम ६७(३)(सी) नुसार आणीबाणीच्या प्रसंगी लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा पालिकेची मालमत्ता वाचवण्यासाठी कमिशनर एरवी लागणारी मंजुरी न घेता ताबडतोब काम करवून घेऊ शकतो. अट एकच: काय केलं, का केलं आणि किती खर्च आला हे त्यानं लगेच स्थायी समितीला आणि सभेला कळवायचं.

कलम वाईट नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा पंप आणि नावा मागवण्यासाठी निविदेची वाट पाहणं मूर्खपणा ठरला असता. घोळ होतो तो दुसऱ्या जातीच्या कामांत. पाऊस दर वर्षी जूनमध्ये येतो. कांस साफ करण्याचं काम मे महिन्यात 'आणीबाणी' म्हणून निघालं, तर ती आणीबाणी डिसेंबरात टेबलावर पडून राहिलेल्या फाइलनं तयार केलेली असते.

वर दिलेल्या अर्जातून यादी हाती आली की ती एक्सेलमध्ये घालून चार चाळण्या लावा. महिना: एप्रिल-मे आणि मार्चमधली कामं वेगळी काढा, पावसाळापूर्व कामं आणि वर्षअखेरीचा खर्च तिथे दिसतो. ठिकाण: तीच कांस, तीच टाकी, तोच रस्ता तीन वर्षांत दोनदा आला का? तफावत: अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत २० टक्क्यांहून जास्त फरक कुठे आहे? आणि अंतर: आदेशाची तारीख आणि सभेला कळवल्याची तारीख यांत किती दिवस गेले? 'लगेच'चा अर्थ आठ महिने होऊ शकत नाही. चारही चाळण्यांत अडकलेली कामं फार तर दहा-पंधरा निघतील. तेवढ्याच फाइली पाहायला मागा. शंभर मागितल्या तर एकही नीट पाहून होत नाही.

इथे एक चूक हमखास होते. यादी मिळाली की ती थेट पत्रकाराला दिली जाते, दोन दिवस बातमी चालते, शाखा सावध होते आणि फाइली 'ऑडिटला गेल्या' होतात. आधी फाइली पाहा. बातमी कुठे पळून जात नाही.

लेखापरीक्षकाचे आक्षेप

पालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो. कलम १०५ आणि १०६ नुसार तो हिशेब तपासून स्थायी समितीला अहवाल देतो. म्हणजे तुम्ही महिनोन्महिने शोधणार ते पालिकेच्याच माणसानं बहुधा आधीच लिहून ठेवलेलं असतं. मागायचं एवढंच: गेल्या पाच वर्षांतले न मिटलेले आक्षेप, शाखावार, आक्षेपाची तारीख, अडकलेली रक्कम आणि शाखेनं उत्तर दिल्याची तारीख. ज्या शाखेनं उत्तरच दिलेलं नाही तिथून सुरुवात करावी. लेखापरीक्षकाला शत्रू समजू नका. त्याचे आक्षेप कुणी वाचत नाही हे त्याचं जुनं दुखणं असतं.

निविदा

पालिकेच्या निविदा एनप्रोक्युअर पोर्टलवर दिसतात, पाहायला पैसे लागत नाहीत. बघायचं ते पात्रतेच्या अटींचं पान. केंद्रीय दक्षता आयोगानं सार्वजनिक बांधकामांसाठी मोजमाप घालून दिलं आहे: अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची तीन सारखी कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजाच्या ३० टक्के. पालिकेला ते बंधनकारक आहे असं म्हणू नका, तुलनेसाठी वापरा. अट याहून फार कडक असेल तर स्पर्धा मुद्दाम आखडली आहे का, आणि फार सैल असेल तर अनुभव नसलेल्याला वाट करून दिली आहे का, हे विचारता येतं.

स्थायी समितीच्या दरखास्तीत 'अंदाजापेक्षा २२ टक्के जास्त' दिसलं की लगेच ओरडा करू नये. आधी अंदाज कुठल्या वर्षाच्या दरसूचीवर काढला ते पाहा. दरसूची चार वर्षं जुनी असेल तर २२ टक्के महागाईतच जातात आणि सभेत तुमचं हसं होतं. उलट, ३० टक्के कमी दरानं घेतलेलं काम जास्त काळजीचं. तो फरक सिमेंटमधून निघतो. एकच निविदा आलेली कामं आणि एकाच रस्त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या दरखास्तींत आणलेली कामं, या दोन गोष्टींची वही ठेवा.

जागा किंवा तलाव वर्षानुवर्षांसाठी खासगी हाती देण्याचे करार वेगळे वाचावे लागतात. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात नाव उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. तलावाचा विकास पालिकेनं ठेक्यावर दिलेला होता आणि उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा करारात भाड्याची रक्कम सगळे बघतात. बघायला हवं ते तपासणीचं कलम: कुणी, किती महिन्यांनी, कुठल्या वहीत सही करायची. त्या वहीची शेवटची दोन पानं मागा. वहीच नसेल तर तेच उत्तर लेखी घ्या.

ठरावाचा मसुदा

नगरसेवकाला कल्पना देऊ नका, टाइप केलेला मसुदा द्या. एक पान, गुजरातीत, कलमांसह. नमुना असा:

'ही सभा ठरवते की, (१) कलम ६७(३)(सी) खालील प्रत्येक कामाची नोंद, ठिकाण, कारण, अंदाजित खर्च आणि आदेशाच्या तारखेसह, आदेशापासून ७ दिवसांत संकेतस्थळावर ठेवली जावी. काम पुरं झाल्यावर प्रत्यक्ष खर्च १५ दिवसांत जोडावा. (२) याची जबाबदारी सिटी इंजिनिअरची राहील. (३) त्याच ठिकाणी त्याच प्रकारचं काम २४ महिन्यांत दुसऱ्यांदा निघाल्यास नियमित निविदेची दरखास्त ६० दिवसांत स्थायी समितीपुढे यावी. (४) मुख्य लेखापरीक्षकांनी दर तिमाहीला यादी पडताळून अहवाल सभेपुढे ठेवावा.'

या मसुद्यात कमिशनरचा अधिकार कुठेही कापलेला नाही, हे ध्यानात घ्या. कायद्यानं दिलेला अधिकार सभेच्या ठरावानं काढता येत नाही. तसा प्रयत्न केलात तर विरोधकांना कष्टच नकोत: कायद्याविरुद्धचा ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली स्थगित करू शकतं. जाहीर करा, नोंदवा, पडताळा एवढंच मागा. तेवढ्यानंही बरीच हवा निघते.

सगळ्या शहरासाठी नाही म्हणाले तर एका वॉर्डात वर्षभर करून पाहा म्हणा. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेलीत लावून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेलं. हुकमाची सत्ता हातात असलेला राजा तेरा वर्षं थांबला. सभेत हे उदाहरण चालतं, कारण बडोद्यात त्यावर कुणी वाद घालत नाही.

मसुदा वॉर्डाच्या चारही नगरसेवकांना एकाच दिवशी द्या. एकाला आधी दिला तर तो त्याचा होतो आणि उरलेले तिघे विरोधात जातात. बहुमतवाल्या पक्षाच्या नगरसेवकानं तो आपल्या नावानं मांडला तर मांडू द्या, श्रेयाचा हिशेब गटानं ठेवू नये. विरोधी पक्षाच्या हातूनच आला तर भाषणं चांगली होतात आणि ठराव पडतो. ५०० सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा त्याच वॉर्डातले १५ करदाते समोर बसलेले जास्त कामाचे. निवडणुकीच्या तोंडावर मात्र काहीही मांडू नका. आचारसंहिता लागली की सगळं थांबतं आणि नव्या सभेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

'अभ्यास समिती नेमू' असं उत्तर आलं तर नाही म्हणू नका, पण समितीची मुदत आणि अहवाल कुठल्या सभेत येणार ते ठरावातच लिहून घ्या. मुदत नसलेली समिती म्हणजे कपाट.

ठराव झाल्यावर

सभेनं ठराव केला म्हणून कारकून काही बदलत नाही. तो परिपत्रकानं बदलतो. ठरावाचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा, आणि ३० दिवसांनी अर्ज करा: 'ठराव क्रमांक अमुकच्या अंमलासाठी काढलेल्या परिपत्रकाची व ते ज्या शाखांना पाठवलं त्या यादीची प्रत द्यावी.' परिपत्रक निघालं नसेल तर हा अर्जच ते काढायला लावतो. लेखा शाखेला प्रत गेली आहे का ते खास बघा. ती यादीतून राहून जाते आणि बिलं जुन्याच रीतीनं निघत राहतात.

काहीच हललं नाही तर आधी कमिशनरला, मग गांधीनगरच्या शहरी विकास विभागाला लेखी निवेदन, पोचपावतीसह. उच्च न्यायालयात जायचं झालं तर हीच पोच पहिली विचारली जाते. तिथवर जाण्याआधी वकिलाला सगळी फाइल तारखेच्या क्रमानं लावून द्या, त्याची फी निम्मी यातच वाचते.

पहिलं वर्ष दर महिन्याच्या ५ तारखेला एकानं संकेतस्थळावरची यादी उघडून तिचं पान छापून ठेवावं. यादी बंद पडते ती बहुतेक चौथ्या-पाचव्या महिन्यात, किंवा कमिशनर बदलल्यावर. नवा कमिशनर रुजू झाला की पंधरा दिवसांत त्याच्याकडे जा: हातात ठराव, परिपत्रक आणि छापलेली पानं. हार नको, फोटो नको. ज्या महिन्याचं पान कोरं आहे, तेवढं वर ठेवा.